दुसरा आठवडा

तंबूशेजारच्या खुंटावरच्या चिमट्यातली चिठ्ठी हेल्मीने ओढून काढली, घडी घातली आणि स्वेटरच्या खिशात टाकता टाकता तिचा हात थांबला. घडीच्या बाहेर राहिलेल्या तुकड्यावरचं नाव तिचं नव्हतं. म्हणजे तिचंच होतं, पण लग्नाच्या आधीचं.

तिने घडी उलगडली. 'कोस्की, आर्वो. रविवार ते शनिवार. एक गाडी, दोन माणसं.' जाड काळ्या पेनाने, लांबून वाचता येईल असं ठसठशीत लिहिलेलं.

खुंटावर पिवळ्या रंगात एकोणीसचा आकडा होता. तो तिने उगाच बोटाने चाचपून पाहिला. जागा चुकण्याचा प्रश्नच नव्हता. नदीकडे उतरत गेलेला हा तुकडा, मधलं लाकडी टेबल, शेकोटीचं गंजलेलं लोखंडी कडं आणि भोवती गोल धरून उभी असलेली सात उंच रेडवूडची झाडं, हे सगळं तिच्या न्हाणीघरापेक्षाही तिच्या ओळखीचं होतं. एकोणतीस उन्हाळे ती इथे येत होती. पॅजेट कुटुंब, एकोणीस नंबर, जुलैचा पहिला आठवडा.

"आई, खुंट्या सोळाच भरल्या. दोन कमी आहेत," तंबूवर गुडघे टेकून त्यातली हवा दाबून काढत जोडी म्हणाली. "जाऊ दे. राहू देत दोन. आपण निघू."

जोडी सकाळी सहापासून निघू निघू करत होती. छत्तीस वर्षांची ही मुलगी सुटीच्या दिवशी कधी नऊच्या आत उठली नव्हती, आणि आज तिने अंधुक असतानाच आईच्या अंगावरची स्लीपिंग बॅग गुंडाळायला घेतली होती. हेल्मीला वाटलं, बाबांशिवायचा इथला पहिलाच आठवडा, पोरीला तो कसाबसा संपवायचा असेल.

हेल्मीचा नवरा लॉइड मार्चमध्ये गेला. जागा मात्र त्याने जानेवारीतच घेऊन ठेवली होती. इथल्या जागा बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला खुल्या होतात आणि आठ वाजून दोन मिनिटांनी संपलेल्या असतात. लग्नाचा वाढदिवस खुशाल विसरणारे नवरेही त्या सकाळी पावणेआठपासून कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेले असतात. लॉइड त्यांतलाच एक. घेतलेली जागा सोडायची नाही, एवढ्याच हिशेबाने मायलेकी यंदा आल्या होत्या.

लाकडाच्या मोळ्या भरलेली छोटी बॅटरीगाडी कुरकुरत रस्त्यावर थांबली. डोलोरिस उतरली. ही या कॅम्पची होस्ट. नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्यात इथे ट्रेलर लावून राहायची, सरपण विकायची, कुत्री मोकळी सोडणाऱ्यांना झापायची आणि या सगळ्याचा एक पैसा घ्यायची नाही. तिचा पगार म्हणजे बोलायला मिळणारी माणसं.

"घाई नको हं, सावकाश आवरा! बारापर्यंत जागा तुमचीच. चिठ्ठी मीच आधी बदलून ठेवली, मला साडेदहाला गावात चर्चला जायचंय. नियमात बसत नाही, पण देव आणि पार्कखातं या दोघांना एकदम खूश ठेवणं मला तरी जमलेलं नाही." मग ती जवळ आली आणि हेल्मीच्या दंडावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "तुमचा भाऊ येतोय हे फार बरं झालं. मला वाटलं, लॉइड नाही म्हटल्यावर तो यंदा रद्द करेल. तुम्ही पण राहताय का त्याच्याबरोबर? दोन माणसं लिहिलीत."

हेल्मीने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"आणि तुमचा तो वेलदोड्याचा पाव!" डोलोरिसला गप्प माणूस दिसला की आणखी हुरूप यायचा. "मला दर वर्षी एक तुकडा मिळायचा. तुमचा भाऊ कापायचा, तो असा नखाएवढा द्यायचा. लॉइड म्हणायचा, अरे, त्या बाईला जरा जाड कापून दे, लाज वाटते का? तर तो म्हणायचा, 'आमच्या आईचा पाव आहे. वर्षातून एकदा मिळतो. सोमवारी हिने अर्धा खाल्ला तर मी शनिवारपर्यंत काय करू?' दोघं नुसते म्हातारे पोरगे होते, बाई."

ती गेली. बॅटरीगाडी वळणापलीकडे जाईपर्यंत हेल्मी खुंटाला धरून उभी होती.

दर वर्षी हे असंच व्हायचं. पहिला रविवार उजाडला की हेल्मी आणि जोडी आठच्या आत घरी निघायच्या, कारण सोमवारी पहाटे हेल्मीला बेकरी उघडायची असे. तंबू तसाच राहायचा आणि लॉइडही राहायचा. आणखी एक आठवडा, मासेमारीला. त्याला एकट्याला नदीकाठी जरा शांतता हवी असायची, आणि ज्या नवऱ्याला वर्षातून एकच आठवडा बायकोपासून लांब हवा असतो त्याला तो द्यावा, असं हेल्मीचं मत होतं. इतक्या वर्षांत त्याने घरी एकही मासा आणला नाही. बेकरीत सगळ्या त्याची थट्टा करायच्या. मासे आणणाऱ्या नवऱ्यांवर, ते बाजारातून आणले असतील म्हणून, बायका संशय घेतात. रिकाम्या हाताने येणारा बिचारा असतो.

आणि दर वर्षी ती त्याला त्या आठवड्याचं खाणं भरून द्यायची. दोन मोठे पाव, तीन पेडांची वेणी घातलेले, वरून साखर पेरलेले. आलुबुखाराच्या मुरंब्याची बाटली. मिठातला मासा. एवढा पाव एकट्याने कसा संपवतोस रे, असं तिने एकदा विचारलं होतं. नदीवर भूक लागते, असं तो म्हणाला होता.

म्हणजे दर वर्षी ती आपल्या हाताने भावाचा डबा भरत होती.

"आई?"

हेल्मी वळली. हातातली चिठ्ठी तिने जोडीसमोर धरली. जोडीने वाचली नाही. नुसता कागद पाहिला आणि तिचा चेहरा उतरला, आणि हेल्मीला दुसरा धक्का तिथे बसला. पहिल्यापेक्षा मोठा.

"तुला माहीत होतं."

"आई, आधी गाडीत बस. मी वाटेत सांगते."

"तुला माहीत होतं!"

शेजारच्या अठरा नंबरवर अंडी तळणाऱ्या माणसाने मान वर करून पाहिलं आणि सभ्यपणे पुन्हा तव्यात खुपसली.

जोडी टेबलाच्या बाकावर बसली. "मी एकोणीस वर्षांची होते. माझा चष्मा तंबूत राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून मी तुझी गाडी घेऊन परत आले होते, आठवतं? तू त्या हॉटेलात थांबली होतीस. इथे आले तर दोघं या टेबलावर पत्ते खेळत होते. आर्वोमामा मला पाहून उठून उभाच राहिला. मी जणू पोलीस होते. बाबा म्हणाले, पोरी, हे तू तुझ्या आईला सांगायचं तर सांग, मी तुला खोटं बोल म्हणणार नाही. पण सांगितलंस तर हा आठवडा संपला."

"आणि तू नाही सांगितलंस. सतरा वर्षं."

"नाही सांगितलं."

"तो इथे येतो, बसतो, माझा पाव खातो, आणि मी घरी सगळ्यांना सांगते की लॉइड मासे धरायला गेलाय. किती वर्षं?"

"सव्वीस. आजोबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून." जोडी बोटांनी टेबलावरच्या खाचा घासत होती. "बाबा म्हणायचे, हेल्मीने भाऊ टाकला, तो तिचा हक्क. मी मेहुणा टाकलेला नाही."

हेल्मीला हसू आलं असतं, इतकं ते लॉइडचं वाक्य होतं. पण तिला राग आला. मेलेल्या माणसावर राग धरणं हे मोठं अवघड काम आहे. तो समोर येऊन भांडत नाही, चुकलं म्हणत नाही, आणि त्याचे मोजे अजून खणात असतात. चार महिने ती ज्या माणसासाठी रडत होती तो दर वर्षी एक आठवडा तिचा नव्हताच. असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि ते तिला इतकं लागलं की ती खाली, पानांच्या भुसभुशीत थरावर, तंबूच्या घडीवरच बसली.

तिचा बाप एइनो कोस्की, जन्मभर झाडं पाडलेला माणूस. सहासष्टाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेल्यावर डॉक्टरने जंगल बंद केलं. म्हातारा ऐकेना. पहाटे उठून दाराशी बूट घालून बसायचा. आर्वोही लाकूडतोड्याच. हेल्मीने त्याला गाठून सांगितलं, काही झालं तरी त्यांना जंगलात नेऊ नकोस. त्याने तिच्या हातावर हात मारून शब्द दिला, नाही नेणार. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी आर्वोचा जोडीदार आजारी पडला, म्हातारा गाडीत जाऊन बसला, आणि आर्वोने त्याला नेलं. दुपारी त्यांनी पाडलेलं झाड पडता पडता शेजारच्या झाडाला घासलं आणि वर अडकलेली एक सुकी फांदी सुटली. असल्या फांद्यांना लाकूडतोडे 'विधवा करणारी' म्हणतात. एइनो तर दहा वर्षांपासून विधुर होता, पण फांदी तेवढं पाहत नाही.

अंत्यसंस्कारानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. सगळं गाव जमलेलं. हेल्मी भावासमोर जाऊन उभी राहिली आणि भरल्या खोलीत, आवाज न चढवता म्हणाली, "तू मारलंस त्यांना. आजपासून मला भाऊ नाही." चमचे थांबले. आर्वोने हातातली कॉफी संपवली, कप मोरीवर नेऊन धुतला, पालथा घातला आणि गेला. पुढे कळलं की राज्याची हद्द ओलांडून ओरेगनमध्ये गेला. त्यापुढचं काही तिने कळू दिलं नाही.

"काय करतो तो?" तिने आता विचारलं. विचारायचं नव्हतं.

"शाळेची बस चालवायचा. आता तेही सोडलं. आजोबा गेले त्या दिवसापासून करवत हातात धरलेली नाही म्हणे. घराभोवतीचं गवतसुद्धा शेजारचा पोरगा कापतो."

"मी ते विचारलं नाही."

"बरं."

तंबू, टेबलक्लॉथ, आइसबॉक्स, कंदील, सगळं गाडीत गेलं. हेल्मीने स्वतः उचलून नेलं, एकेक वस्तू दाणकन आपटत. वर फांद्यांत निळे पक्षी सांडलेल्या चुऱ्यावर डोळा ठेवून कचाकचा भांडत होते. साडेअकराला जोडीने गाडी सुरू केली. आई शेजारी बसली, पट्टा बांधला, हात मांडीवर ठेवले.

गाडी हलली नाही. जोडीने गिअर टाकला होता, पण ब्रेकवरचा पाय उचलला नव्हता.

"आता काय?" हेल्मी म्हणाली.

"तुला गावातल्या त्या ॲपल-पायच्या हॉटेलात सोडते. तू काहीतरी खा. मी दोन वाजता इथे परत येते आणि तासाभरात तुला न्यायला येते."

"परत कशाला?"

जोडीने स्टिअरिंगकडे पाहत सांगितलं, "त्याला माहीत नाही, आई."

"काय माहीत नाही?"

"बाबा गेले ते."

हेल्मीने मान वळवली.

"कोण कळवणार होतं? बाबांनी त्याचा फोन नंबर कुठेच लिहून ठेवला नाही. पत्ता नाही. म्हणायचे, घरात कागद असला की तो तुझ्या आईला सापडतोच. दोघांचं ठरलेलं होतं. मधे काही नाही, फक्त हा आठवडा. बाबा दर जानेवारीत दोन्ही जागा घ्यायचे, आपली आणि त्याची. मी त्यांच्या खोलीत तीन दिवस शोधलं. तुझ्यासमोर ओरेगनमध्ये फोन फिरवत बसणार होते का मी? म्हटलं, तो रविवारी येईलच. तेव्हा तोंडावर सांगू." तिचा आवाज चिरकला. "म्हणून मी सकाळपासून तुला इथून काढतेय. आणि तू नेमकी ती चिठ्ठी काढून वाचलीस."

सकाळपासून हेल्मी आपल्यावर काय अन्याय झाला याचाच विचार करत होती. आता पहिल्यांदा तिच्या डोळ्यांसमोर ओरेगनमधला तो माणूस आला. या घटकेला कुठल्यातरी रस्त्यावर, खिडकीची काच खाली करून, खुशीत गाडी हाकत येत असलेला.

जोडीला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार.

"त्या गुरुवारी आपल्याकडे कोण आलं होतं सांगायला, आठवतं तुला?"

"मी शाळेत होते, आई."

"तोच आला होता. लाकूडगिरणीचा साहेब म्हणत होता, मी जातो, तू घरी जा. याने त्याला येऊ दिलं नाही. मी पीठ मळत होते. हा स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला, अंगभर भुसा, आणि मी त्याला काय म्हटलं असेल? म्हटलं, बूट काढ आधी, आत्ता फरशी पुसलीय." हेल्मीने हात मांडीवरून उचलले आणि पुन्हा ठेवले. "आणि त्याने काढले गं. खाली बसला. ते जंगलातले बूट, वीस भोकं असतात नाडीची. एकेक भोक सोडवत बसला. मी त्याला बोलतेय, उशीर का झाला, बाबा कुठे आहेत. दोन्ही बूट काढले, दाराबाहेर ठेवले, परत आला, आणि मग सांगितलं."

जोडीने इंजिन बंद केलं. तिने हे कधी ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं.

"तू जा नदीवर," हेल्मीने पट्टा सोडला. "मी थांबते इथे."

"आई, तू त्याला काही बोलणार असशील तर..."

"मी काय बोलायचं ते माझं मी बघीन. जा तू."

बारा वाजून दहा मिनिटांनी डोलोरिस चर्चहून परतली ती चर्चच्याच कपड्यांत, हातात पावतीपुस्तक घेऊन. एकोणीस नंबरच्या टेबलाशी हेल्मी एकटी बसलेली पाहून तिला आनंद झाला आणि पंचाईतही वाटली.

"बारा वाजले की तुमची जागा संपली, बरं का. आता तुम्ही तुमच्या भावाकडच्या पाहुण्या. पाहुण्यांची वेगळी चिठ्ठी करावी लागते. मला माहीत आहे हा वेडेपणा आहे, पण परवा बारा नंबरवर सतरा पाहुणे निघाले, त्यांतले तीन कोणाचेच नव्हते." तिने पेन काढलं. "कोणाकडे आलात?"

"एकोणीस नंबरकडे."

"नाव लागतं हो."

हेल्मीने तोंड उघडलं. नाव जिभेवर येईना. लॉइडने घरात कधी चुकून काढलं तर ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. 'तो' एवढ्यावर तिचं इतकी वर्षं भागलं होतं.

"तुम्हाला ठाऊक आहे ना? लिहा तुम्हीच."

डोलोरिसने तिच्याकडे नीट पाहिलं. बडबडी होती, पण सत्तर वर्षांची होती. तिने मुकाट्याने नाव लिहिलं आणि पुढे विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

हे चिठ्ठीत कुठे विचारलेलं नव्हतं. हेल्मीलाही ते दिसत होतं.

"बहीण," ती म्हणाली.

मग दोन तास तिने वाट पाहिली. या झाडांखाली आवाज फार लांब जात नाहीत. एखादी गाडी वळणावर अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही, त्यामुळे प्रत्येक गाडी अंगावर आल्यासारखी येत होती. काय बोलायचं ते तिने जुळवायला घेतलं. आधी, तू माझ्या नवऱ्याला माझ्याशी खोटं बोलायला लावलंस. ते बरोबर नव्हतं, लॉइडला कोणी काही करायला लावू शकत नसे. मग, तुला माझ्या हातचं खायला लाज कशी वाटली नाही. तेही वाईट वाटलं. शेवटी तिने सरळ सांगायचं ठरवलं. बस खाली. लॉइड आता नाही. बसायला मात्र आधी सांगायचं, एवढं तिने नक्की केलं. बहात्तर वर्षांचा माणूस, पाच तास गाडी चालवून येणार.

दोनला पाच कमी असताना जुनी हिरवी पिकअप वळणावरून आली, एकोणीस नंबरच्या पुढे गेली, थांबली आणि उलटी आत येऊ लागली. आरशात बघत, मान न वळवता, उताराला सावकाश. खिडकीतून एक वाळका दंड बाहेर आला आणि पिकअपच्या पत्र्यावर दोन थापा बसल्या.

"अरे ए लॉइड्या! पाणी ठेवलंस का उकळायला? का ते पण मीच येऊन ठेवू? तुझ्या हातची कॉफी प्यायची तर माणसाला आठ दिवस आधीपासून मन घट्ट करावं लागतं!"

आवाज तोच होता. चेहरा बदलतो, पाठ वाकते. आवाजाला सव्वीस वर्षांत काही झालं नव्हतं. हेल्मी उठून उभी राहिली.

पिकअप थांबली. आर्वो उतरला. त्यांच्या बापासारखा दिसत होता, थेट शेवटच्या वर्षातल्या बापासारखा, फक्त कानात ऐकायचं यंत्र. हसतच टेबलाकडे वळला आणि त्याला ती दिसली.

तो पाहत राहिला. मग त्याने तिच्या मागे पाहिलं, जिथे तंबू असायचा त्या मोकळ्या जमिनीकडे. मग नदीकडे जाणाऱ्या वाटेकडे. मग पुन्हा तिच्याकडे. डोक्यावरची टोपी काढली.

"बस खाली," असं हेल्मी म्हणणार होती.

"केव्हा?" आर्वोने विचारलं.

तिचं जुळवलेलं सगळं त्या एका शब्दाने पुसून गेलं. तू इथे कशी, हे त्याने विचारलं नाही. लॉइड कुठाय, हेही नाही. ती इथे येण्याचं कारण एकच असू शकतं हे त्याने केव्हाचं धरून ठेवलेलं असणार. दर वर्षी त्या वळणावर मनात धाकधूक घेऊन येत असेल की टेबलाशी एक दिवस लॉइडऐवजी ती उभी असेल. आणि तिला वाटत होतं की धक्का आपण देणार आहोत.

"मार्चमध्ये," ती म्हणाली. "नऊ तारखेला."

"त्रास झाला त्याला?"

"नाही. झोपेत. मी सकाळी कॉफीला हाक मारली, तो उठलाच नाही."

आर्वोने मान हलवली. हलवतच राहिला. टोपी दोन्ही हातांत धरून तो हळूहळू गोल फिरवत होता, आणि त्याच्या मागे पिकअपही हळूहळू हलायला लागली होती. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची पोरं डोंगरातल्या रस्त्यांवरून ने-आण केलेला माणूस गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, ब्रेक न ओढता उतरला होता. चाकांखाली पानं करकरली. गाडी उताराला लागली.

"आर्वो," हेल्मी म्हणाली. "गाडी."

त्याला कळलं नाही. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"आर्वो! ब्रेक!"

तो वळला, धावला, उघड्या दारातून अर्धा आत गेला आणि ब्रेक ओढला. पिकअप टेबलाच्या बाकाला टेकून थांबली. बाक थोडं सरकलं, एवढंच झालं. इंजिन बंद झालं. तो मात्र खाली उतरला नाही. नीट आत बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू अजून रस्ता बाकी आहे, आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्याच्या रडण्याला आवाज नव्हता. म्हाताऱ्या कोस्कीलाही नसायचा.

हेल्मी पिकअपला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेली. दार घट्ट होतं, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. सीटवर किराण्याची पिशवी होती, ती तिने उचलून पायाशी ठेवली आणि आत चढून बसली. दार लावून घेतलं, पण ते नुसतं टेकलं.

"तसं नाही लागत ते," पुढच्या काचेतून समोर बघत आर्वो म्हणाला. "जोरात ओढ."

तिने जोरात ओढलं.